घटकाभर बसायचं असतं

आमच्या समोरच्या सारजाबाईचा पाय ज्याच्या पाठीला लागला नाही, तो माणूस आमच्या कॉलनीत नवाच म्हणायचा. कुणी परका हे ऐकेल तर म्हणेल, ही बाई काय लाथा घालत फिरायची की काय! फिरायला कशाला लागतंय? लोकच सकाळी उठून, तोंडात चहाचा घोटसुद्धा न घालता तिच्या दारात यायचे, पालथे पडायचे आणि म्हणायचे, "मावशी, पाय लावा."

सारजा पायाळू. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी न येता पाय आधी आले. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. काही उचलायला वाकलं आणि कंबरेत असं धरलं की माणूस तसाच अर्धा वाकलेला राहिला, श्वास घेतला तरी कळ, ती उसण. पाय लावण्यात तथ्य किती ते मला विचारू नका. मी आशाबाई, साड्यांना फॉल-बिडिंग करते, मी काय डॉक्टरीण नाही. तिच्या दारातून ताठ चालत गेलेली माणसं मी बघितली, आणि आली तशीच वाकडी गेलेलीही बघितली. वाकडी गेलेली फारशी सांगत नाहीत, एवढंच.

पण तिच्या दाराचे नियम पक्के होते. सकाळीच यायचं, उपाशी यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही. उंबऱ्याच्या आत सतरंजीवर पालथं पडायचं. मग ती उजवं पाऊल पाठीवर हलकंच टेकवायची, कंबरेपासून खांद्यापर्यंत फिरवायची आणि काढून घ्यायची. पैसा नाही, नारळ नाही, काही नाही. आणि शेवटचा नियम म्हणजे, पाय लागल्यावर लगेच उठून जायचं नाही. घटकाभर बसायचं. नाही बसलं तर उसण माणसाच्या मागं मागं घरी जाते आणि परत धरते.

त्यामुळं सगळे बसायचे. बसलं की सारजा चहा टाकायची, आणि चहा आला की माणूस बोलायला लागणारच. शेंद्र्याच्या कंपनीत जाणारी पोरं, गवंडीकाम करणारे, भाजीच्या पाट्या उचलणाऱ्या बाया, एकदा तर बँकेतले एक साहेब चक्क टाय लावून पालथे पडले होते. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाचं कुणाशी वाजलं, पडेगावात कुणाच्या प्लॉटला काय भाव आला, सगळं सारजाच्या सतरंजीवर कळायचं. सकाळी सात वाजता मी माझ्या दारातून बघायचे, तर तिच्या उंबऱ्यापाशी चपलांचा हा ढीग. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू! मी दिवसभर मशीनवर मान मोडायची आणि हिच्याकडं नुसता पाय टेकवला तरी जत्रा.

तिचा पाय पहिल्यांदा चालला तो लहानपणी, गावाकडं. तिनंच मला सांगितलेलं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याला उसण भरली. दोन दिवस माणूस खाटेवरून उठेना. मग कुणीतरी सांगितलं, त्या तिकडल्या वस्तीत अमक्याची पोरगी पायाळू आहे. आला गडी बोलवायला. बाप हिला घेऊन गेला. बाप फाटकाच्या बाहेर उभा राहिला, कारण त्याला आत यायची सोय नव्हती. त्या घरी यांना प्यायला पाणी द्यायचं तर वरून, ओंजळीत. आणि ही सहा-सात वर्षांची पोर अंगणाच्या मधोमध, आणि तिच्या पायाखाली तो धिप्पाड माणूस पालथा पडलेला.

"मग काय केलंस गं?" मी विचारलं.

"काय करणार? लावला की पाय. जरा जोरातच लावला." आणि अशी हसली, अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. मग म्हणाली, "माघारी येताना बापानं मला खांद्यावर घेतलं. नुसतं माझं पाऊल हातात धरून चालत राह्यला."

तिचा मुलगा बुद्धभूषण चाकणला इंजिनिअर आहे. पोरगं गुणी, आईवर जीव. पण या पायाच्या गोष्टीवरनं त्याचं डोकं फिरायचं. "आई, रोज पंचशील म्हणतेस आणि वर हे? यातनंच आपल्याला बाहेर काढलं ना बाबासाहेबांनी? आणि ज्यांनी ओंजळीत पाणी वाढलं त्यांच्या पाठी तू बऱ्या करायच्या?" तो चुकीचं बोलत होता असं मी म्हणणार नाही. सारजाही म्हणायची नाही. ती एवढंच म्हणायची, "मी कुठं म्हणते माझ्यात काय हाय? लोक येतात बाबा." सारजाचा नवरा गेल्यावर त्यानं तिला चाकणला नेऊन बघितलं. तिथं सगळ्यांची दारं लावलेली. मुलगा-सून सकाळी कामावर जायचे, आणि ही दिवसभर गॅलरीतून खालच्या गाड्या बघायची. पावसाळा संपायच्या आत परत आली आणि पुन्हा दारात सतरंजी टाकली.

तर अशी ती सतरंजी हळूहळू रिकामी व्हायला लागली. भांडण नाही, तंटा नाही, कुणी वाईट बोललं नाही. लोकांच्या हातात मोबाइल आला, एवढंच झालं.

गोकुळचं सांगते. दोन गल्ल्या पलीकडं राहतो, शेंद्र्याला एका कंपनीत पेट्या उचलायचं काम करतो. आधी दर महिन्याला त्याची कंबर धरायची आणि दर महिन्याला तो सारजाच्या दारात. एक दिवस तो कंबरेला रुंद पट्टा बांधून, जरा तिरका तिरका तिच्या दारावरून चालला होता. सारजा उंबऱ्यात बसलेली. तिला चालीवरनंच कळतं.

"काय रे गोकुळ, धरली का?"

"धरली होती मावशी. पण आता बरंय. मोबाइलवर एक बाई दाखवती ना, असं पडायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, मांजरीवानी पाठ वर करायची. लई भारी. धा मिंटांत मोकळं."

"येऊन गेला असतास तर?"

"कंपनीची बस सुटती ओ मावशी. बसायला टाइम कुठंय?"

बघा म्हणजे. पाय लावायला वेळ होता, बसायला नव्हता. लोक इतकी वर्षं तिच्या पायासाठी बसण्याची किंमत मोजत होते, हे मला त्या दिवशी कळलं. मोबाइलवरच्या बाईचं बरं आहे. काम झालं की तिच्या तोंडावर बोट फिरवायचं, ती गेली. तिनं चहा टाकलेला नसतो. "पोरगं कितवीला गेलं?" म्हणून ती विचारत नाही.

आता मीसुद्धा सगळं मोबाइललाच विचारते. ब्लाऊजचा गळा, मशीनचा धागा का तुटतो, सायलीच्या पोटगीच्या कागदांना काय काय लागतं, सगळं. सायली माझी मुलगी, सासरहून परत आली. त्यानंतर मी माणसांना काही विचारायचंच सोडलं. साधं दुकानात रिळाचा भाव विचारला तरी समोरची बाई भाव सांगायच्या आधी विचारणार, "सायली हायच का मग इथं अजून?" मोबाइल उलटं विचारत नाही. माझ्यासारखीला त्याचं हेच सुख. आणि सारजासारखीला नेमकं हेच दुःख.

भूषणनं तिलाही चांगला मोबाइल आणून दिला होता. "हे बटण दाबून बोललं तरी कळतं त्याला आई. काय अडलं तर विचार." पण ती काही विचारायची नाही. गॅस संपत आला का ते बघायला मला बोलवायची, टीव्हीचं चॅनेल गेलं की मला बोलवायची. एकदा मी वैतागले. म्हटलं, "अगं बाई, विचार की त्या डबड्याला! हातात घेऊन बसलीस ना?"

"काय इचारू? एवढं सांगतंय आन गप बसतंय," सारजा म्हणाली.

मग ती जानेवारीतली सकाळ. आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं भरायचं, अगदी वाट्यासुद्धा. मी माझा ड्रम भरत होते. समोर बघते तर सारजा अंगणात, हंडा कंबरेपर्यंत उचललेला, आणि हलेना. हाक मारली तरी मान वळवेना. पळत गेले. चेहरा पांढराफटक. हंडा तिच्या हातातून काढून घेतला तर तिच्या तोंडून एवढाच आवाज आला, "आशे, धरली."

पायाळूला उसण! मला हसू आलं, देवा शपथ. तीही हसली असती, पण हसलं तरी कळ येत होती. कसंबसं आत नेऊन सतरंजीवर निजवलं. त्याच सतरंजीवर, जिथं इतक्या वर्षांत ती स्वतः कधी पालथी पडली नव्हती. पायाळूचा पाय स्वतःच्या पाठीला लागत नाही. हे लहान पोराला पण कळेल, पण माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. आम्हा सगळ्यांसाठी ती होती, तिच्यासाठी कोण?

दुखणं कमी व्हायची गोळी दिली. भूषणला फोन केला. त्यानं लगेच व्हिडिओ पाठवला आणि मला परत फोन करून म्हणाला, "काकू, प्लीज तिला दाखवा. सोपा व्यायाम आहे. डॉक्टर मुलगी आहे, मराठीत सांगते. मला रजा मिळाली की येतोच." मी व्हिडिओ लावून मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. ती डॉक्टर मुलगी गोड आवाजात बोलायला लागली, "नमस्कार, आज आपण बघणार आहोत..." सारजानं तोंड भिंतीकडं केलं.

"बंद कर ते."

"अगं बघ तर! झोपल्या झोपल्या करायचंय."

"बंद कर म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डॉक्टरकडं चल म्हटलं तर नाही, मोबाइल बघ म्हटलं तर नाही. मी तिला भाकरी करून घालायची, संडासापर्यंत धरून न्यायची, आणि तोंडानं नाही नाही ते बोलायची. शेवटी माझी सटकलीच. म्हटलं, "मरायचंय का तुला हट्टापायी? काय खातोय का तो मोबाइल?"

तेव्हा ती बोलली. भिंतीकडंच तोंड करून बोलली.

"आन त्यानं बरं झालं म्हंजी?"

"म्हणजे काय? बरंच व्हायचंय ना तुला?"

"मीच त्याच्याकडून बरी झाले, तर लोकांनी माझ्याकडं कामून यावं? मी तरी कोणत्या तोंडानं दारात बसू?"

अहो, लोक मोबाइलला विचारतात ते उत्तर मिळावं म्हणून. ही विचारत नव्हती ती उत्तर खरं निघेल म्हणून. आधीच दारात चपला नव्हत्या. त्यात तिला स्वतःलाच कळलं असतं की चपलांची गरजही नव्हती, तर त्या बाईला धरून राहायला काय उरलं असतं?

मग मी काय केलं सांगू? मोबाइलच काढला, आणि त्याला विचारलं, "माझ्या जवळ पायाळू माणूस." वेड्यासारखंच, पण विचारलं. त्यानं पायाळू म्हणजे काय ते सांगितलं, ही अंधश्रद्धा कशी आहे ते सांगितलं, बाळ पोटात उलटं असलं तर काय काळजी घ्यावी ते सांगितलं, आणि शेवटी पायाला मालिश करायचं यंत्र सवलतीत आहे म्हणून सांगितलं. माणूस काही सांगितला नाही.

माणूस शेवटी माणसानंच सांगितला. आमच्याकडं केळीची गाडी घेऊन एक बागवान येतो. मी रागारागात त्याच्यापुढं बोलले, तर तो म्हणाला, "अरे बाई, पहले बोलना ना! हमारी खाला है शहागंज में. शरीफाबी. उल्टीच पैदा हुई. अब्बी बी लोगां जाते उसके पास."

दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाला रिक्षात घातलं. उपाशी आणि मुकी, नियमाप्रमाणं. छावणीतून, भडकल दरवाजावरून, प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड असा आवळायची की अजून वळ आहेत. शहागंजला उतरलो, बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारत विचारत गेलो. दारात हिरवा पडदा, आत खाटेवर ही एवढीशी म्हातारी, दात नाहीत, पाय मात्र मोठे. मी सगळं सांगितलं. सारजा पायाळू आहे हे सांगितल्यावर म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं आणि हसली. "हौ क्या? तू बी पाँव के तरफ से आई? आ, लेट."

सारजा पालथी पडली. शरीफाबी भिंतीला धरून उठली, आणि तिनं पाऊल सारजाच्या कंबरेवर टेकवलं. अगदी हल्लू. खालून वर नेलं. आणि सारजा रडायला लागली. आवाज न करता, सगळं अंग हलवून. मला वाटलं, दुखलं. वाकून विचारलं, "काय झालं गं?"

सकाळपासून पहिल्यांदा ती बोलली. "आशे, मला कुणी हात लावून किती वर्षं झाली, आठवंना बघ."

म्हातारीला मराठी कळत असेल-नसेल, तिनं पाय काढला नाही. जरा जास्तच वेळ ठेवला. मग म्हणाली, "हो गया. उठ."

सारजा उठली. कंबर धरून, पण आपली आपण उठली. गोळ्यांनी सुटली, रिक्षाच्या हादऱ्यांनी सुटली की पायानं सुटली, मला माहीत नाही आणि मला भांडायचंही नाही. उठली आणि भिंतीला टेकून, पदर नीट करून, मांडी घालून बसली.

शरीफाबी म्हणाली, "जाओ अब बाई. हो गया ना."

सारजा म्हणाली, "थोडा बैठना पडता ना?"

"कायकू?"

"उसण मागे आती ना. नहीं बैठे तो."

म्हातारी माझ्याकडं बघायला लागली. "ऐसा किसने बोला? मेरी नानी भी येच करती थी, मैं भी येच करती. पाँव लगा, आदमी गया. बैठने का कुछ नहीं रहता."

मी सारजाकडं बघितलं. तिनं खाली बघितलं. खरं म्हणजे मला तिथंच कळलं होतं. पण तिला धरून आधी रिक्षात बसवलं. रिक्षा सुरू झाल्यावर विचारलं, "हा बसायचा नियम कुठला गं मग?"

भडकल दरवाजा मागं पडल्यावर ती म्हणाली, "भूषणचे बाबा गेले त्या साली काढला."

"काढला?"

"त्याच्या आधी पाय लागला की लोक उठून जायचे. मलाबी बरं वाटायचं, घरात कामं असायची. हे गेले आन घर असं झालं की भांडं वाजलं तरी दचकायचे. एक बाई आली, उठून निघाली. मी म्हणलं, बस की घटकाभर. ती म्हणाली, कामून? मला काय सांगावं सुचंना. म्हणलं, नाय बसलीस तर उसण मागं येती. ती घाबरून बसली." सारजानं नाक पुसलं. "मग सगळ्यांनाच सांगाय लागले. खोटं बोलले बघ आशे इतकी वर्षं. भूषणला नको सांगू."

मी भूषणला कशाला सांगते? तो बिचारा पायाच्या खोटेपणावर चिडत होता, आणि तिचं खोटं पायात नव्हतंच.

बरी झाली ती. पण त्या दिवसापासून तिचं काहीतरी गेलं. सतरंजी दारातून उचलली. सकाळी उंबऱ्यात बसायची ती बसेना. मी हाक मारली तर आतून ओ द्यायची. आणि नेमका त्याच आठवड्यात गोकुळ आला. व्हिडिओतली बाई या वेळी पुरी पडली नव्हती. मांजरीवानी पाठ केली तर तशीच अडकली म्हणे. मला इतका आनंद झाला त्याची कंबर धरल्याचा! म्हटलं, आता बसेल हा गाढव, चहा पिईल, चार शब्द बोलेल.

मी दारात येऊन उभी राहिले. सारजानं पाय लावला. गोकुळ उठला, आणि सवयीनं भिंतीला टेकून बसायला लागला. तर ती म्हणाली, "झालं. जा तू."

"बसायचं नाय का मावशी?"

"नाय. तसं काय नसतंय. जा, बस सुटंल तुझी."

गोकुळला काय, बरंच झालं. गेला मोबाइल बघत बघत. आतल्या गॅसवर पातेलं चढलेलं मला दिसत होतं. सारजानं आत जाऊन गॅस बंद केला. मी दारातच उभी. मला इतका राग आला, पण कुणाचा ते कळेना. गोकुळचा नाही, मोबाइलचा पण नाही. शहागंजच्या त्या म्हातारीनं खरं बोलायची काय गरज होती, असंसुद्धा वाटून गेलं.

पुढं कुणी आलंच नाही. भूषण रविवारी फोन करतो, तो फोन ती कानाला घट्ट लावून ऐकते आणि "व्हय, व्हय, जेवले" म्हणते. बाकीचे दिवस तिच्या घरातून कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज येत नव्हता. ती सुद्धा एकच. एका माणसाचा भात, किती शिट्ट्या होणार!

मग परवा मी उठले आणि चहा घेतला नाही. मला चहा नसला की डोकं ठणकतं, सायलीला माहीत आहे. ती म्हणाली, "आई, काय झालं?" मी तोंडावर बोट ठेवलं, कंबरेवर हात ठेवला आणि वाकडी होऊन रस्ता ओलांडला. समोरची पोरं हसली असतील तर हसू देत.

सारजानं दार उघडलं. मी काही न बोलता पुढं झाले, कोपऱ्यातली सतरंजी ओढली, अंथरली आणि पालथी पडले. फरशी ही अशी गार. मग तिचं पाऊल पाठीवर आलं. खरबरीत, गरम. कंबरेपाशी टेकलं, वर सरकलं, आणि मधेच थांबलं.

"आशे."

मी पाठ अजून आवळून धरली.

"आशे, तुला उसण नाय."

"तुला काय कळतंय?" मी फरशीत तोंड खुपसून म्हटलं.

"जन्म गेला माझा. पाठ पायाला सांगती." पाय निघाला. "ऊठ. कायतरीच."

मी उठून बसले. ती पायपुसण्यावर पाय पुसत उभी होती, विनाकारण, पाय काही मळला नव्हता. माझ्याकडं बघत नव्हती. मला माझ्या नाटकाची आता लाज वाटायला लागली होती, म्हणून मी नेहमीसारखं फटकन बोलले, "बरं. नाही तर नाही. मग जाते मी. उसणच नाही तर मागं काय येणार? आणि बसायचं तर काही नसतंच म्हणे."

"नसतंयच," सारजा म्हणाली.

मी चपला शोधायला लागले. उंबऱ्याबाहेर एकच जोड होता, माझा. एक पाय घातला.

"आशे," ती मागून म्हणाली, "तरी बस."